माशातल्या कृमीने उलगडले नारूचे कोडे
समरकंदमध्ये नारूच्या प्रसाराचे रहस्य शोधणाऱ्या आणि ऐन तारुण्यात हिमनदीवर प्राण गमावलेल्या अलेक्सेई फेदचेन्को यांची जीवनकथा

सातारा-सांगलीकडच्या जुन्या पिढीला नारू हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पायाला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके बाहेर काढायचा. तो ओढून काढता येत नसे. काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटे बाहेर घ्यायचा आणि तुटू नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचे, हाच उपाय. तुटला तर पाय सुजायचा, पू व्हायचा आणि ऐन पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळायचा. आजच्या तरुणांनी हा रोग पाहिलेला नाही. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

हा जंत माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचे उत्तर मात्र त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच मिळाले होते. ते शोधणारा तरुण रशियन होता, वयाने जेमतेम पंचविशीचा. त्याला या उत्तराची दिशा दाखवली ती युरोपातील गोड्या पाण्यातल्या एका खाद्य माशाच्या पोटातील कृमीने. अलेक्सेई पाव्हलोविच फेदचेन्को हे त्याचे नाव. भूगोलाच्या अभ्यासकांना ते पामीरमधील प्रचंड हिमनदीमुळे ठाऊक आहे. नारूच्या संदर्भात मात्र आपल्याकडे ते क्वचितच घेतले जाते.

सायबेरियातून मॉस्कोकडे

फेदचेन्को यांचा जन्म फेब्रुवारी १८४४ मध्ये सायबेरियातील इर्कुत्स्क येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मॉस्को विद्यापीठात आले. निसर्गविज्ञानाच्या शाखा तेव्हा आजच्यासारख्या कप्प्याकप्प्यांत विभागलेल्या नव्हत्या. भूगर्भशास्त्र, कीटक, मासे, मानवंश, वनस्पती अशा सर्वच विषयांत त्यांनी रस घेतला. १८६३ मध्ये मॉस्कोत निसर्गविज्ञान, मानववंशशास्त्र व लोकजीवन यांच्या अभ्यासकांची एक संस्था स्थापन झाली. फेदचेन्को तिच्या अगदी सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. विज्ञान हे बंद दालनातील विद्वानांपुरते न राहता लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, या विचाराने भारलेली ही मंडळी होती.

१८६७ मध्ये त्यांचा विवाह ओल्गा आर्मफेल्ट यांच्याशी झाला. मॉस्को विद्यापीठातील वैद्यकाच्या प्राध्यापकांची ही कन्या वनस्पतिशास्त्राची जाणकार आणि उत्तम चित्रकार होती. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असलेल्या त्या काळात तिने स्वतःच्या बळावर हे ज्ञान मिळवले होते. पुढच्या सर्व मोहिमांत ती पतीच्या बरोबरीने घोड्यावर बसून हिंडली. वनस्पती गोळा करणे, त्या वाळवून नोंदवणे आणि प्रदेशाची रेखाटने करणे ही कामे तिची. फेदचेन्को यांच्या नावावर जमा झालेल्या कामगिरीत ओल्गा यांचा वाटा मोठा आहे.

समरकंदचा धागा

रशियन साम्राज्य त्या सुमारास मध्य आशियात हातपाय पसरत होते. १८६८ मध्ये समरकंद रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. तुर्कस्तान प्रांताचे गव्हर्नर जनरल काउफमान यांना नव्या मुलखाची शास्त्रीय पाहणी हवी होती. मॉस्कोच्या संस्थेने हे काम स्वीकारले आणि ते फेदचेन्को यांच्याकडे सोपवले. त्याच वर्षाच्या अखेरीस हे तरुण जोडपे मध्य आशियाकडे निघाले. १८६९ मध्ये त्यांनी समरकंद आणि जरफशान नदीचे खोरे पालथे घालण्यास प्रारंभ केला.

समरकंद, जिझाख, बुखारा या भागात एक विचित्र रोग घरोघर होता. स्थानिक लोक त्याला रिश्ता म्हणत. फारसी भाषेत रिश्ता म्हणजे धागा. आपल्याकडचा नारू तो हाच. बुखाऱ्यात पिण्याचे पाणी हौजांतून मिळत असे. दगडी पायऱ्यांनी बांधलेल्या या उघड्या तलावांच्या काठी लोक बसत, पाय धूत, त्याच पाण्यातून पखाली भरल्या जात. शहरातील न्हावी जंत बाहेर काढण्यात इतके वाकबगार होते की तो त्यांचा जोडधंदाच झाला होता.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूतील कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. आपल्याकडे हौजाच्या जागी पायऱ्यांची विहीर किंवा बारव होती. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची रचना किती देखणी असू शकते, याचा हा नमुना पाहण्यासाठी आजही लोक येतात. गावोगावच्या साध्या पायविहिरींत मात्र हीच सोय घातक ठरत होती. पाणी भरायला उतरलेल्या बाईचा नारू झालेला पाय पाण्यात बुडत असे आणि तिच्या मागून येणारी दुसरी बाई तिथेच घागर भरत असे.

तर्क आणि कुतर्क

नारू हा रोग फार पुराणा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्नायुक या नावाने त्याचे वर्णन आहे. अरब आणि इराणी वैद्यांनीही त्याविषयी लिहिले. कित्येक शतके वाद होता तो एवढाच, की बाहेर येणारी वस्तू जिवंत जंत आहे की शरीरातीलच सडलेला स्नायू किंवा शीर. सूक्ष्मदर्शक आल्यावर हा वाद मिटला. जंताची मादी हातभर किंवा त्याहून लांब असते आणि तिच्या देहात लाखो सूक्ष्म अळ्या भरलेल्या असतात, हे दिसून आले. या अळ्या दुसऱ्या माणसाच्या अंगात कशा जातात, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या प्रश्नाचा पाठपुरावा मुंबईतही झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५० च्या दशकात मुंबईच्या तलावांतील गाळ व शेवाळ तपासले. त्यात त्यांना अतिसूक्ष्म कृमी आढळले. हेच कृमी माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे त्यांचा नारू होतो, असे अनुमान त्यांनी काढले. ते चुकीचे होते. तलावातील ते कृमी स्वतंत्रपणे जगणारे निराळेच जीव होते. तथापि रोगाचे मूळ पाण्यात आहे, इथवर कार्टर बरोबर पोहोचले होते.

कातडीतून प्रवेश हा सिद्धान्त पटण्यासारखा होता, कारण जंत बहुधा पायातूनच बाहेर येतो. पाण्यात उभे राहणाऱ्याला रोग होतो, असे लोकांना दिसत होते. जो अवयव पाण्यात बुडतो तिथूनच जंत बाहेर येतो, याचा अर्थ जंताला पाण्यात पिल्ले सोडायची असतात, ही बाजू कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

माशाच्या पोटातील दुवा

जर्मनीतील प्राध्यापक रुडॉल्फ ल्यूकार्ट हे परोपजीवी कृमींच्या अभ्यासातील त्या काळचे सर्वात मोठे नाव. युरोपातील नद्या-तळ्यांत पर्च नावाचा मासा विपुल सापडतो आणि आवडीने खाल्ला जातो. त्याच्या आतड्यात एक लहान गोल कृमी राहतो. या कृमीची मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्या सोडते. नारूच्या मादीचेही तसेच. ल्यूकार्ट यांनी १८६५ च्या सुमारास दाखवून दिले की पर्चमधील कृमीच्या अळ्या थेट दुसऱ्या माशात जात नाहीत. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक सूक्ष्म कवचधारी प्राणी असतो. अळ्या आधी त्याच्या देहात वाढतात. तो सायक्लॉप्स माशाने गिळला की कृमीचे चक्र पूर्ण होते.

नारूची अळी आणि माशातील कृमीची अळी यांच्यात विलक्षण साम्य आहे, हे ल्यूकार्ट यांच्या नजरेने हेरले. नारूच्या अळ्याही सायक्लॉप्समध्येच वाढत असाव्यात, हा त्यांचा कयास होता. पण जर्मनीत नारू नव्हता. त्यांना पडताळा घेता येणे शक्य नव्हते. तुर्कस्तानात काम करणाऱ्या फेदचेन्को यांच्यापुढे रुग्णही होते आणि पाण्याचे हौजही.

फेदचेन्को यांनी रुग्णांच्या शरीरातून बाहेर काढलेले जंत मिळवले. त्यांच्यातील जिवंत अळ्या पाण्याच्या भांड्यात सोडल्या आणि त्याच पाण्यात सायक्लॉप्स ठेवले. नंतर भिंगाखाली निरीक्षण सुरू केले. सायक्लॉप्सचा देह काचेसारखा पारदर्शक असतो. त्यामुळे आत काय घडते ते बाहेरून दिसते. काही काळातच नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या देहात वेटोळे घालून वळवळताना दिसू लागल्या. पुढच्या दिवसांत त्यांनी कात टाकली, त्यांच्या शरीराची ठेवण बदलली. पाण्यात मोकळ्या राहिलेल्या अळ्या मात्र मरून गेल्या. ल्यूकार्ट यांचा कयास खरा ठरला होता.

ही निरीक्षणे फेदचेन्को यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केली. मनुष्याला होणाऱ्या एखाद्या रोगाचा जंतू आपल्या वाढीचा काही काळ एखाद्या अपृष्ठवंशीय प्राण्याच्या देहात काढतो, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या आरंभीच्या नोंदींत या कामाची गणना होते. हत्तीरोगाच्या अळ्या डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवले ते त्यानंतर काही वर्षांनी, १८७७ मध्ये. हिवतापाचे चक्र रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत गवसले ते १८९७ मध्ये.

अर्धवट राहिलेला प्रयोग

फेदचेन्को यांच्या कामात दोन उणिवा राहिल्या. अळ्या सायक्लॉप्सच्या अंगाला भोक पाडून आत शिरतात, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात सायक्लॉप्स त्यांना भक्ष्य समजून गिळतो, हे पुढील संशोधकांनी दाखवले. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची होती. सायक्लॉप्ससह पाणी प्यायल्याने नारू होतो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी कुत्री व मांजरे यांना असे पाणी पाजून पाहिले. प्राण्यांत जंत आढळले नाहीत. साखळीचा शेवटचा दुवा हाती न आल्याने अनेक वैद्यकतज्ज्ञ शंका घेत राहिले आणि कातडीतून प्रवेशाचा जुना सिद्धान्त आणखी काही दशके तग धरून राहिला.

तो दुवा जोडला गेला विसाव्या शतकात. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट लायपर यांनी १९०५ नंतरच्या प्रयोगांत एका माकडाला बाधित सायक्लॉप्स खाऊ घातले. सहा महिन्यांनी त्याच्या शरीरात नारूचे जंत सापडले. जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि आतील अळी मोकळी होऊन आतड्याची भिंत भेदते, असे त्यांनी दाखवले. माणसाच्या बाबतीतील पुरावा मुंबईतून आला. परळच्या मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. डी. ए. तुरखुड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाधित सायक्लॉप्स पोटात गेल्यावर माणसाला नारू होतो, हे दाखवून दिले. १९२० च्या दशकात याच प्रयोगशाळेत नील हॅमिल्टन फेअर्ली आणि ग्लेन लिस्टन यांनी नारूचा सविस्तर अभ्यास केला. समरकंदमध्ये सुरू झालेल्या कामाची अखेरची पाने अशी महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिली गेली.

पामीरच्या उंबरठ्यावर

नारूवरील प्रयोग हा फेदचेन्को यांच्या कार्याचा एक भाग. त्यांची मुख्य ओढ होती ती अज्ञात प्रदेशाची. १८७० मध्ये त्यांनी जरफशानच्या वरच्या खोऱ्यातील पर्वतराजी पाहिली. १८७१ मध्ये कोकंदच्या खानाच्या परवानगीने ते ओल्गा यांच्यासह दक्षिणेकडे वळले आणि उंच खिंड ओलांडून अलाई खोऱ्यात उतरले. समोर बर्फाच्छादित शिखरांची अखंड भिंत उभी होती. त्यापलीकडे पामीर. खोऱ्यातल्या दरौत-कुर्गान येथून पुढे जाणे त्यांना शक्य झाले नाही. समोरच्या सर्वोच्च शिखराला त्यांनी गव्हर्नर जनरल काउफमान यांचे नाव दिले. सोव्हिएत काळात ते लेनिन शिखर झाले आणि ताजिकिस्तानने २००६ मध्ये त्याला अबू अली इब्न सिना या थोर हकिमाचे नाव दिले. इब्न सिना जन्मले बुखाऱ्याजवळ आणि वैद्यकावरील आपल्या ग्रंथात त्यांनीही नारूचे वर्णन केले आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या तीन वर्षांत या दांपत्याने जमवलेला संग्रह अफाट होता. कीटक, मासे, सरपटणारे प्राणी, वनस्पती, खडक यांचे हजारो नमुने मॉस्कोला पोहोचले. सिर दर्या नदीतील एक लहान, चपट्या नाकाचा स्टर्जन मासा आज फेदचेन्को यांच्या नावाने ओळखला जातो. प्राणिशास्त्रज्ञ केसलर यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढील शतकात नदीचे पाणी कालव्यांकडे वळवले गेले आणि हा मासा जवळपास दिसेनासा झाला. त्याच १८७२ मध्ये मॉस्कोत भरलेल्या भव्य प्रदर्शनातील तुर्कस्तान विभागाची मांडणी फेदचेन्को यांनी केली.

हिमनदीवरचा अंत

प्रदर्शनानंतर हे दांपत्य युरोपात गेले. ल्यूकार्ट तेव्हा लाइपझिगला प्राध्यापक होते. १८७२ च्या डिसेंबरमध्ये त्याच शहरात फेदचेन्को यांना पुत्र झाला. त्याचे नाव बोरिस. संग्रहातील सामग्रीवर ग्रंथमाला लिहायची आणि नंतर पामीरच्या पुढील मोहिमेवर निघायचे, असा फेदचेन्को यांचा मानस होता. पामीरमध्ये हिमनद्या आहेत हे त्यांना ठाऊक झाले होते. त्यांचा अभ्यास करण्याआधी आल्प्समधील हिमनद्या पाहून घ्याव्यात, या हेतूने ते फ्रान्समधील शामोनी येथे आले.

सप्टेंबर १८७३ मध्ये वाटाड्यांना घेऊन ते माँ ब्लाँ पर्वताच्या हिमनदीवर चढले. वर असताना हवामान बिघडले. थंडी, वादळ आणि थकवा यांपुढे त्यांचे काही चालले नाही. १५ सप्टेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे २९ वर्षे. शामोनीच्या दफनभूमीत त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

ओल्गा यांच्या पदरात तेव्हा वर्षाचेही न झालेले मूल होते. दुःख बाजूला सारून त्यांनी पतीची टिपणे, दैनंदिनी आणि संग्रह हाती घेतले. तुर्कस्तान प्रवासाचे खंड एकामागून एक प्रसिद्ध होत राहिले ते त्यांच्या चिकाटीमुळे. मुलगा बोरिस मोठा होऊन वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. १९०१ मध्ये ओल्गा आपल्या मुलासह पामीरमध्ये गेल्या. तीस वर्षांपूर्वी ज्या पर्वतभिंतीपुढे पती-पत्नीला थांबावे लागले होते, तिच्या पलीकडच्या भूमीवर त्यांनी वनस्पती गोळा केल्या. १९०६ मध्ये रशियन विज्ञान अकादमीने त्यांना सन्मानाचे सदस्यत्व दिले. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८७८ मध्ये ओशानिन या संशोधकाला पामीरमध्ये एका प्रचंड हिमनदीचे मुख दिसले. त्यांनी तिला फेदचेन्को यांचे नाव दिले. सुमारे ७७ किलोमीटर लांबीची ही हिमनदी ध्रुवप्रदेश वगळता जगातील सर्वात लांब हिमनद्यांपैकी एक आहे. हिमनदीचा अभ्यास करायला निघून हिमनदीवरच संपलेल्या माणसाचे स्मारक याहून समर्पक कोणते असणार?

ज्ञान होते, नळ नव्हता

नारूचे चक्र समजल्यावर त्यावरचा उपाय उघड होता. ना लस लागते, ना औषध. पिण्याचे पाणी फडक्याने गाळले तरी सायक्लॉप्स वर राहतो. उकळले तर मरतो. रुग्णाला पाण्यात उतरू दिले नाही तर नवे सायक्लॉप्स बाधित होत नाहीत. पायविहिरीच्या पायऱ्या बंद करून रहाटाने पाणी काढले तर प्रश्नच मिटतो. बुखाऱ्यात सोव्हिएत डॉक्टर इसाएव्ह यांनी १९२० च्या दशकात हौजांची साफसफाई, रुग्णांचा शोध आणि शुद्ध पाण्याचा पुरवठा यांची सांगड घालून १९३१ पर्यंत रोग नाहीसा केला. म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात डॉ. मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात पायविहिरींत छोटे मासे सोडून पाहिले. मासे सायक्लॉप्स फस्त करत. माशातील कृमीने ज्या रोगाचे कोडे सोडवले, त्या रोगावर मासाच तोडगा म्हणून वापरण्याचा हा प्रयत्न होता.

मात्र दुष्काळी गावात जिथे एकच विहीर, तिथे तिच्यात उतरू नका म्हणून सांगणे सोपे आणि पाळणे अवघड. पाणी भरण्याचा भार स्त्रियांवर. तिच्या पायाला फोड असला तरी घागर तिलाच भरावी लागे. नारूला मरण क्वचित, त्यामुळे सरकारी प्राधान्यक्रमात तो पटकी-प्लेगच्या खाली राहिला. महाराष्ट्रात खरा बदल घडला तो १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. खडकात खोल विंधनविहिरी घेण्याची यंत्रे गावोगाव पोहोचली, हातपंप बसले आणि पायविहिरीवरचे अवलंबन कमी होत गेले.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रासह सात राज्यांत रोग होता आणि १९८४ मध्ये देशभरात सुमारे ४० हजार रुग्णांची नोंद झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधले, विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध टाकले, गाळणीची फडकी वाटली, पायविहिरी बुजवल्या किंवा त्यांच्या पायऱ्या बंद केल्या. बारा वर्षांत रोग संपला. फेदचेन्को यांच्या शोधनिबंधापासून शेवटच्या भारतीय रुग्णापर्यंत मोजली तर मधली वर्षे भरतात १२६. त्यातील बहुतेक वर्षे कोणते संशोधन अपुरे होते म्हणून गेली नाहीत. गावाला पाणी देण्यात ती गेली.

मासे खाणाऱ्यांसाठी

कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांच्या काठी आणि धरणांच्या जलाशयांत पकडले जाणारे मासे हा सातारा-सांगलीच्या आहाराचा भाग आहे. नदीतल्या वाम, मरळ, मागूर अशा माशांच्या पोटात फीतकृमी, गोलकृमी आढळणे ही निसर्गक्रमातील गोष्ट आहे. नागपूरच्या मागूर माशातील एका फीतकृमीचे वर्णन मोघे यांनी १९२५ मध्येच केले होते. पुढे मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी गोड्या पाण्यातील माशांमधील कृमींच्या अनेक जाती नोंदवल्या. यांपैकी बहुतेक कृमी माशाच्या आतड्यात राहतात, आतडी काढून टाकताच निघून जातात आणि माणसाच्या शरीरात जगू शकत नाहीत.

धोका असतो तो कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशाचा. चीन, कोरिया, थायलंड या देशांत गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याच्या प्रथेमुळे यकृतातील चपट्या कृमीचा रोग मोठ्या प्रमाणात आढळतो. आपल्याकडचे कालवण आणि तळलेली तुकडी या पद्धती त्या दृष्टीने सुरक्षित आहेत, कारण मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापला की कृमी जगत नाहीत. मासा निखाऱ्यावर वरवर भाजून खाणे मात्र टाळलेले बरे. साफ करताना निघालेली आतडी नदीत किंवा कुत्र्यांपुढे टाकण्याची सवयही सोडली पाहिजे.

हा शेवटचा सल्ला नारूच्याच आजच्या इतिहासातून आला आहे. १९८६ मध्ये जगभरात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये ते अवघे १५ उरले. रोग आता संपणार असे वाटत असतानाच आफ्रिकेतील चाड देशात एक नवी अडचण उभी राहिली. २०१२ पासून तिथे कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या संख्येने आढळू लागला. शारी नदीच्या काठी लोक मासे साफ करून आतडी टाकतात आणि ती कुत्री खातात. सायक्लॉप्स खाल्लेल्या माशाच्या किंवा बेडकाच्या देहात नारूची अळी जिवंत राहू शकते, असे प्रयोगांत दिसून आले. त्यामुळे चाडमध्ये माशांची आतडी पुरून टाकण्याचा, मासा पूर्ण शिजवण्याचा आणि बाधित कुत्री बांधून ठेवण्याचा प्रचार गावोगाव केला गेला.

फेदचेन्को यांनी कुत्र्यांना बाधित सायक्लॉप्स पाजले तेव्हा त्यांच्या हाती काही लागले नव्हते. त्यांचा प्रश्न मात्र अचूक होता, हे चाडच्या नदीकाठाने दीडशे वर्षांनी दाखवून दिले. सायक्लॉप्स आणि नारू यांच्यातील नाते त्यांनी समरकंदमध्ये भिंगाखाली पाहिले आणि ते नाते तोडल्याशिवाय जगातील शेवटचा नारू जाणार नाही.